मोठ्या आरसी विमानांसाठी ट्रेलर: मापाआधी उसळीचा विचार करा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. १०० सीसी इंजिनाच्या वर्गातली दोन एरोबॅटिक (हवेत कसरती करणारी) आरसी, म्हणजे रेडिओवर चालणारी, विमानं आहेत, पायपर कब या खऱ्या छोट्या विमानाचं एक-तृतीयांश मापाचं मॉडेल बांधून होत आलंय, ओढायला मध्यम आकाराची एसयूव्ही आहे. बंद पेटीचा ५×८ फुटी ट्रेलर पुरेल की ६×१२ घ्यावा, आणि एक अ‍ॅक्सल (चाकांची जोडी धरणारा आस) बरा की दोन?

प्रश्न मापाचा दिसतो, पण त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत. विमानाचा कुठला भाग न सोडवता न्यायचा, हा एक. तो भाग वाटेत किती हादरे खाणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की माप आपोआप ठरतं. दुसऱ्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. मी आता तिसरा ट्रेलर वापरतोय. पहिल्या दोघांनी जे शिकवलं ते सविस्तर सांगतो.

काही गोष्टी तुमच्याकडे बघूनच ठरतील, त्या आधी मोकळेपणाने सांगतो. मैदान किती लांब आहे, शेवटचा तुकडा डांबरी आहे की कच्चा, ट्रेलर घरी कुठे उभा राहणार, आणि पुढच्या पाच वर्षांत तुम्ही याहून मोठं काही बांधणार का. मैदान पंधरा मिनिटांवर असेल आणि तुम्ही एका वेळी एकच विमान नेत असाल, तर मागची सीट पाडून गाडीतच नेणं अजूनही सर्वांत सुरक्षित आहे. गाडीची स्प्रिंग कुठल्याही छोट्या ट्रेलरपेक्षा मऊ असते. ट्रेलर लागतो तो दोन-तीन विमानं एकत्र नेताना आणि मैदानावरचा जोडणीचा वेळ वाचवायला.

आता माप. १०० सीसीच्या एरोबॅटिक विमानाचा पंखविस्तार साधारण २.६ ते २.७ मीटर, पण पंख सुटे होतात, त्यामुळे तो आकडा इथे कामाचा नाही. कामाचा आकडा धडाच्या लांबीचा. स्पिनरच्या (प्रोपेलरवरच्या टोपीच्या) टोकापासून रडरच्या (शेपटीच्या उभ्या हलत्या पात्याच्या) मागच्या कडेपर्यंत ती अडीच मीटरच्या आसपास भरते. आठ फूट म्हणजे २४४ सेंटिमीटर, तेही बाहेरून. आतली लांबी आणखी थोडी कमी. म्हणजे ५×८ मध्ये तुमचं धड सरळ बसतच नाही. दर वेळी रडर काढावा लागेल किंवा धड तिरकं ठेवावं लागेल, आणि तिरकं ठेवलं की दुसऱ्याला जागा उरत नाही. तुमच्यासाठी ५×८ इथेच बाद झाला.

दहा फुटांत, म्हणजे ३०५ सेंटिमीटरमध्ये, धड बसून पुढे-मागे हातभर जागा राहते. ती लागतेच, कारण विमान आत ढकलताना तुम्हाला शेपटीमागे उभं राहावं लागतं आणि पुढच्या भिंतीपासून स्पिनर लांब ठेवावा लागतो. बारा फुटांत ही जागा ऐसपैस होते आणि पुढच्या बाजूला छोटं काम-टेबल बसतं.

रुंदीचा हिशेब लोक चुकवतात. सहा फुटी ट्रेलरची आतली रुंदी भिंतींची जाडी जाऊन १७० सेंटिमीटरच्या आसपास राहते. या वर्गातल्या विमानाच्या आडव्या स्टॅबची (शेपटीच्या आडव्या पंखाची) एकूण रुंदी १.१ ते १.२ मीटर असते. दोन विमानं एकाचं नाक पुढे, दुसऱ्याची शेपूट पुढे, अशी उलटसुलट ठेवली तरी एकाचा स्टॅब दुसऱ्याच्या काउलला (इंजिनावरच्या झाकणाला) घासतो. मी प्रत्येक विमानाचा आतल्या बाजूचा अर्धा स्टॅब काढतो, बाहेरचा तसाच ठेवतो. दोन स्क्रू आणि एक जोडणी, एवढंच काम. पाच फुटी रुंदीत हेच करायचं तर दोन्ही विमानांचे चारही अर्धे काढावे लागतात. दिवसाला चार वेळा तेच स्क्रू फिरवायचे म्हणजे त्यातला एखादा कधीतरी अर्धवट राहणार, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कबचं गणित वेगळं आहे. खऱ्या जे-३ कबचा पंखविस्तार १०.७४ मीटर, लांबी ६.८३ आणि उंची २.०३ मीटर. तीनने भागा: पंख ३.५८ मीटर, धड २.२८ मीटर, उंची फक्त ६८ सेंटिमीटर. म्हणजे धड बुटकं आहे आणि त्याच्या डोक्यावर दुसरा मजला करता येतो. पंखाचा प्रत्येक अर्धा पावणेदोन मीटरच्या आसपास येईल. तो भिंतीलगत उभा ठेवायचा. तुमचं कब खालच्या मजल्यावर आणि त्यावर फळीवर एक एरोबॅटिक धड, दुसरं एरोबॅटिक शेजारी, अशी मांडणी ६×१० मध्ये जमते. ६×१२ मध्ये ती आरामात जमते.

कागदावरच्या आकड्यांवर मात्र थांबू नका. घराच्या फरशीवर चिकटपट्टीने ट्रेलरची आतली चौकट आखा, दरवाजाची रुंदीही आखा, आणि विमानं खरोखर आत-बाहेर करून बघा. मागच्या दरवाजाची उंची आतल्या उंचीपेक्षा बहुधा दहा-पंधरा सेंटिमीटरने कमी असते आणि उभ्या शेपटीची गाठ तिथेच पडते. चाकं पेटीच्या बाहेर आहेत की चाकांचे उंचवटे आत आलेत, तेही बघा. आत उंचवटे असतील तर आखलेली रुंदी अर्धीच तुमची.

आता हादऱ्यांकडे वळतो.

माझा पहिला ट्रेलर ५×८ चा होता, एका अ‍ॅक्सलचा, पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगचा. आत ५० सीसीची दोन विमानं. दोन तासांचा रस्ता. मैदानावर कंट्रोल तपासताना एका विमानाचा एलेव्हेटर (स्टॅबचं हलतं पातं) मध्येच अडखळला. उघडून बघितलं तर सर्व्होच्या (पातं हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरचा एक दात गेलेला, आणि स्टॅबचा स्क्रू अर्धा सुटलेला. बांधणी ढिली राहिली असेल असं समजून पुढच्या वेळी पट्टे आणखी आवळले. पुन्हा तोच प्रकार, यावेळी दुसऱ्या विमानाचा. मग आत फोन लावून रस्ताभर चित्रण केलं. घरी येऊन बघितलं तेव्हा उलगडा झाला. गाडीत मला जाणवलेसुद्धा नव्हते अशा खड्ड्यांवर अख्खी पेटी उसळत होती. पट्ट्यांनी विमान फरशीशी इतकं एकजीव केलं होतं की फरशीची प्रत्येक उडी थेट धडात उतरत होती.

कारण साधं आहे. हे ट्रेलर विटा, फर्निचर, यंत्रं वाहायला बनतात. एका अ‍ॅक्सलच्या पेटीखाली बऱ्याचदा १,५०० किलोच्या पुढचं वजन पेलणारा अ‍ॅक्सल आणि त्याच ताकदीचे पाटे असतात. तुमची तिन्ही विमानं मिळून चाळीस-पन्नास किलो. हत्यारं, स्टार्ट-स्टँड, खुर्च्या धरूनही दीडशेच्या वर क्वचितच जाल. पेटीचं स्वतःचं वजन मिळवलं तरी पाट्यांवर त्यांच्या ताकदीच्या निम्माच भार येतो. स्प्रिंग दबण्यासाठी वजन लागतं. ते नसेल तर ती स्प्रिंग राहत नाही, अ‍ॅक्सल आणि पेटी यांच्यामधला ठोकळा होते. मालवाहू ट्रक रिकामा परत येताना कसा आदळत जातो ते आठवा. विमानं नेणारा ट्रेलर कायम त्या रिकाम्या ट्रकसारखाच असतो. म्हणून विक्रेता ‘हा जास्त वजन घेतो’ असं कौतुकाने सांगेल तेव्हा ती तुमच्यासाठी चांगली बातमी नाही हे लक्षात ठेवा.

उपाय आहेत. नवीन मागवत असाल तर रबर टॉर्शन अ‍ॅक्सल (पाट्यांऐवजी आतल्या रबरावर दबणारा) घ्या आणि तो तुमच्या खऱ्या भरलेल्या वजनाच्या थोडाच वरचा मागवा. अ‍ॅक्सल बनवणारे तोच साचा कमी क्षमतेच्या रबरासह देतात. रबर स्वतःच उसळी गिळतं, त्यामुळे एका खड्ड्यानंतर पेटी तीनदा डुलत नाही. प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं हा आणखी एक फायदा. पाट्यांचाच ट्रेलर हाती असेल तर कमी क्षमतेच्या पाट्यांची जोडी घालता येते. मात्र मग ट्रेलरची एकूण वजनमर्यादाही तेवढी उतरते, आणि ते काम अ‍ॅक्सलचं काम करणाऱ्या माहीतगाराकडूनच करून घ्यायचं, कारण पाट्याची लांबी आणि पकड जुळली नाही तर अ‍ॅक्सल वाकडा बसतो. काही अ‍ॅक्सलना शॉक अ‍ॅबसॉर्बर जोडायची सोय असते. असेल तर जरूर जोडा. टायरमधली हवाही बघा. बाजूवर छापलेला आकडा पूर्ण भारासाठीचा असतो. टायर बनवणाऱ्यांच्या भार-दाब तक्त्यात तुमच्या वजनाला जेवढा दाब दिलाय तेवढाच ठेवा, त्याखाली मात्र अजिबात जाऊ नका. कमी हवेचा टायर तापतो आणि हमरस्त्यावर फाटतो. चाक मोठं असेल तितकं खड्ड्यावरून अलगद जातं, म्हणून दहा इंची चाकांपेक्षा तेरा किंवा त्याहून मोठी बघा.

अ‍ॅक्सल एक की दोन, याचं उत्तर यातच आलं. दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर सरळ चालतो, एक टायर फुटला तरी सावरता येतो, हे खरं. पण अ‍ॅक्सलचं वजन, टायर, बेअरिंग, सगळं दुप्पट होतं आणि तुमच्याकडे दोन अ‍ॅक्सल दाबायला माल नाही. १२ फुटांपर्यंत एकच घ्या, आणि तो मऊ घ्या.

पेटीच्या आतही सगळी जागा सारखी नसते. अ‍ॅक्सलच्या बरोबर वर आणि त्याच्या थोडं पुढे उसळी सर्वांत कमी. मागच्या दरवाजापाशी सर्वांत जास्त. बसच्या मागच्या बाकावर बसलेल्याला हे सांगावं लागत नाही. म्हणून जड इंजिन आणि नाजूक रिट्रॅक्ट (आत मिटणारी चाकं) असलेलं विमान पुढे, खुर्च्या आणि तंबू मागे.

विमान धरायचं कसं याबद्दल माझं मत पहिल्या ट्रेलरनंतर पूर्ण बदललं. पट्टा धडावरून कधीच टाकायचा नाही. लँडिंग गिअरवरून पट्टा टाकून चाकं लाकडी खाचेत बसवणं ही रूढ पद्धत चालते, पण या वर्गातल्या बऱ्याच विमानांत गिअर जिथे बसतो ती प्लायची पाटी हीच सर्वांत आधी सुटणारी जागा असते. मी धड विंग ट्यूबवर, म्हणजे दोन्ही पंख जोडणाऱ्या नळीच्या जागेवर, टेकवतो. त्याच व्यासाच्या नळीचा एक तुकडा धडातल्या विंग ट्यूबच्या जागेतून आरपार घालायचा आणि त्याची दोन्ही टोकं फोम लावलेल्या इंग्रजी ‘यू’ आकाराच्या खोबणीत बसवायची. हवेत अख्खं विमान त्याच जागेवर लटकलेलं असतं, त्यामुळे ती जागा मजबूत असणारच. चाकं फरशीला जेमतेम टेकलेली, शेपटीखाली फोमची उशी, आणि पट्टा फक्त नळीवरून. घट्ट, बारीक बंद छिद्रांचा फोम घ्या. गादीतला मऊ फोम पहिल्याच खड्ड्यात तळाला जातो.

कंट्रोल सरफेसला, म्हणजे हलत्या पात्यांना, कुलूप हवंच. सर्व्हो बंद असताना एलेव्हेटर आणि रडर प्रत्येक धक्क्याला फडफडतात आणि तो सगळा मार गिअरच्या दातांवर जातो. प्लायच्या दोन पट्ट्या, आत मऊ कापड, आणि एक चिमटा, एवढ्यानं काम होतं. चिमट्याला लाल फडकं बांधा, म्हणजे तसंच लावून उड्डाण होणार नाही. पंख पिशव्यांत घालून भिंतीलगतच्या खाचांत पुढची कड खाली करून उभे ठेवा. आडवे एकावर एक रचू नका. प्रोपेलर आडवा करून ठेवा, टाकी रिकामी करा.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या ट्रेलरमध्ये नाहीत, गाडीत, डोळ्यांसमोर. पेट्रोलचा डबा आणि बॅटऱ्या एकाच बंद पेटीत ठेवू नका. याला मी अपवाद करत नाही.

धूळ कुठून येते हे कळायला मला एक उन्हाळा लागला. चालत्या पेटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, मागच्या दरवाजाच्या फटीतून पेटी धूळ आणि पाऊस आत ओढून घेते. ती धूळ सर्व्हो आणि कार्बुरेटरमध्ये जाऊन बसते. दरवाजाचं रबर नीट असेल आणि पुढच्या बाजूला गाळणी लावलेला छोटा झरोका उघडा ठेवला तर आतला दाब थोडा वाढतो आणि मागची ओढ कमी होते. विकत घेताना आत उभे राहा, दार लावून घ्या, आणि कुठून उजेड येतो ते बघा. उजेड आला तिथून धूळही येणार.

पेटी पांढरीच घ्या. बंद, गडद रंगाची पेटी उन्हात इतकी तापते की कव्हरिंग फिल्म सैल पडून सुरकुत्या येतात आणि फोमचे भाग वाकतात. छताला उघडणारी खिडकी हवी. उलट पावसाळी दिवसांत आत दमट हवा कोंडते, म्हणून मी विमानं रात्रभर ट्रेलरमध्ये सोडत नाही. बाल्सा (विमानांचं हलकं लाकूड) ओलावा ओढतो आणि एका रात्रीत पंखाला हलकासा पीळ पडलेला मी बघितलाय.

दरवाजा रॅम्पचा की दुहेरी झडपांचा? तुम्ही विमानं चाकांवरून आत ढकलणार, तेव्हा रॅम्प. पण रॅम्प उघडायला मागे तेवढीच लांब जागा लागते. घरी भिंतीला पाठ लावून उभा करणार असाल तर अडचण होईल. बाजूचा छोटा दरवाजा असला पाहिजे, नाहीतर पुढचं काही काढायला आधी सगळं बाहेर काढावं लागतं.

आता तुमची गाडी. तिची ओढण्याची क्षमता किती, हे माहितीपुस्तिकेत बघा, आणि त्याच पानावर ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे दोन वेगळे आकडे असतील तेही बघा. ६×१२ ची रिकामी पेटी साधारण ५५० ते ६५० किलोची असते. सामान धरून आठशेच्या आसपास. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. तुमच्याकडचा नियम काहीही असो, या वजनाला ब्रेक असावेत असंच माझं मत आहे. काही पुस्तिकांत समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. सहा फूट रुंद, उभं राहता येईल अशी पेटी म्हणजे हवेला आडवी येणारी साडेतीन चौरस मीटरची भिंत. वजन गाडीला जाणवणार नाही, वारा जाणवेल. तुमची मर्यादा त्याखाली असेल तर कमी उंचीची पेटी घ्या. वाकून काम करावं लागेल, पण आडव्या वाऱ्यात ती कितीतरी शांत चालते.

आत सामान कसं पसरलंय त्यावरही बरंच अवलंबून असतं. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलतं, तसंच इथे. मागे जड झालेला ट्रेलर गाडीचा मागचा भाग हलका करतो आणि वेग वाढला की शेपटासारखा डुलायला लागतो. एकदा डुलायला लागला की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून स्टिअरिंग सरळ धरण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. म्हणून हत्यारपेटी, जनरेटर, सुटा टायर हे सगळं अ‍ॅक्सलच्या पुढे. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर गाडीला जोडतो त्या ठिकाणी) ठेवायला सांगतात. युरोपातल्या गाड्यांची हिचवरची मर्यादाच कमी असते, तिथे त्या मर्यादेच्या आत पण तिच्या जवळ राहायचं. वजन मोजायला घरातला माणूस-काटा चालतो: काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर ट्रेलरची दांडी टेकवा. जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर दिसला पाहिजे.

मागे घेण्याबद्दल एक गोष्ट नवीन लोकांना उलटी वाटते. छोटा ट्रेलर मागे घेणं मोठ्यापेक्षा कठीण असतं, कारण तो फार झटकन वळतो. बारा फुटी तुम्हाला विचार करायला वेळ देतो.

तेव्हा तुमच्यासाठी माझी निवड: गाडीची क्षमता आणि घरची जागा परवानगी देत असेल तर ६×१२, एक रबर टॉर्शन अ‍ॅक्सल, ब्रेकसह, पांढरा, मागे रॅम्प, बाजूला दार. यातलं काही जमत नसेल तर ६×१० घ्या, पण अ‍ॅक्सलच्या बाबतीत तडजोड करू नका. लांबी दोन फूट कमी असली तर तुम्ही एक अर्धा स्टॅब जास्त काढाल. कडक स्प्रिंग घेतली तर प्रत्येक फेरीला विमानाचं आयुष्य थोडं थोडं कमी होईल.

जुना घेणार असाल तर रंगाकडे नंतर बघा. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या म्हातारे होतात. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर ते बदलायचेच आहेत असं धरून भाव करा. चाक जॅकवर उचलून फिरवा, बेअरिंगची खरखर ऐका. फरशीच्या कोपऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, प्लाय कुजलाय का ते तिथेच कळतं. छताच्या सांध्यांवर पाण्याचे डाग शोधा.

आणि पहिली फेरी तुमच्या चांगल्या विमानांची करू नका. जुनं, मोडकं धड असेल तर ते बांधा, नसेल तर रिकामी विंग ट्यूब खोबणीत बसवून तिच्यावर दहा-बारा किलोची वाळूची पिशवी टाका. फोन भिंतीला लावून चित्रण सुरू करा आणि मैदानापर्यंतचा पूर्ण रस्ता, कच्च्या तुकड्यासकट, नेहमीच्या वेगाने जाऊन या. घरी येऊन ते चित्रण सावकाश बघा. पिशवी कुठे उडाली, कुठला पट्टा ढिला झाला, कुठल्या कोपऱ्यात धूळ साचली, हे दिसेल. टायरची हवा आणि सामानाची जागा त्यानुसार बदला, आणि पिशवी जागची हलत नाही असं दिसेपर्यंत पुन्हा जा. मला चार फेऱ्या लागल्या. पाचव्या फेरीला विमान आत ठेवलं, आणि तेव्हापासून त्या विमानाचा एकही सर्व्हो बदलावा लागलेला नाही.